गिझर बदलायचाय: स्वतः करू की प्लंबर बोलवू? कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. घरचा एक आणि पाहुण्यांच्या खोल्यांचे चार असे पाच गिझर आहेत, आणि गेल्या बारा वर्षांत प्रत्येक एकदा तरी बदललाय, एक तर तीनदा. दोन मी स्वतः बदलले, एक स्वतः बदलायला जाऊन वाट लावली (खाली सांगतो), बाकीचे प्लंबरने. त्यामुळे वाडीत कुणाचा गिझर गेला की फोन मला येतो, आणि प्रश्न दरवेळी तेच असतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

पाणी तापत नाहीये. म्हणजे गिझर गेला ना?

बहुतेक वेळा नाही. बिघडण्यासारखं आत तसं फार काही नसतंच: कॉइल (पाणी तापवणारी), थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा), कटआऊट (थर्मोस्टॅट बिघडला तर वीज तोडणारा) आणि टाकी. पहिल्या तीन वस्तू बदलून मिळतात, टाकी गेली तरच गिझर गेला. गिझरवरचा दिवा लागतोय पण पाणी गारच, तर कॉइल तुटली असेल नाहीतर थर्मोस्टॅट किंवा कटआऊट गेला असेल. दिवाच लागत नसेल तर आधी सॉकेट बघा, आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत प्लगच्या पिना हिरव्या पडतात, मग ढिल्या होऊन गरम होतात आणि सॉकेट काळं होतं, गिझर बिचारा ठणठणीत असतो. चालू केल्या केल्या एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) पडत असेल तर बहुतेक कॉइलला तडा जाऊन आत पाणी शिरलंय, तेव्हा "बघू परत पडतो का" करत चार वेळा वर करू नका. आणि पाणी नेहमीपेक्षा फारच उकळतंय, नळातून वाफ येतेय असं झालं तर थर्मोस्टॅट चिकटलाय, तिथल्या तिथे बंद करा.

खालून पाणी गळत असेल तर एक गोष्ट तपासून घ्या. कॉइल जिथे बसते त्या झाकणाखाली रबरी गॅस्केट असतं, ते कडक होऊन गळायला लागतं आणि लोक टाकी फुटली म्हणून नवा गिझर आणतात. गॅस्केट किरकोळ पैशात येतं. पण बॉडीच्या सांध्यातून तांबूस पाणी झिरपत असेल तर मात्र टाकीच, तिला एम-सील लावून काही होत नाही, मी लावून बघितलंय.

मग नवा स्वतः बसवता येतो का? खरं सांगा.

अर्धा येतो. पाण्याची बाजू, म्हणजे जुना काढणं, पाईप सोडवणं, नवा टांगणं, पाईप जोडणं, हे पाना धरता येणाऱ्या माणसाचं काम आहे, दोन तास लागतील. मदतीला एक माणूस मात्र हवा, कारण १५ लिटरचा गिझर रिकामा असला तरी डोक्यावर धरून बोल्टला अडकवणं एकट्याचं काम नाही. विजेची बाजू, म्हणजे नवीन पॉइंट, वायर, एमसीबी, अर्थिंग, ही वायरमनची. चांगला सॉकेट आधीच आहे आणि नुसता प्लग लावायचाय तर वायरमन लागणार नाही, पण अर्थिंग शेवटचं कधी तपासलं होतं ते आठवत नसेल तर लागेल. गॅसच्या गिझरला तर हातच लावू नका.

आणि वॉरंटी कार्ड आधी वाचा. बऱ्याच कंपन्यांचा माणूस येऊन बसवून देतो, काहींची वॉरंटी त्यानेच बसवला तर धरतात. स्वतः बसवून दोनशे-पाचशे वाचवायचे आणि टाकीची पाच-सात वर्षांची वॉरंटी घालवायची हा व्यवहार नाही.

चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंतीत फास्टनर, म्हणजे भोकात फुगून बसणारा बोल्ट, धरतो का?

कोकणात गिझर बसवणाऱ्याने सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच आहे आणि गिझरबरोबर येणाऱ्या कागदावर नेमका तोच नसतो. कागदावर विटेची नाहीतर काँक्रीटची भिंत असते. आपला जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, एका चिऱ्यात ड्रिल कडक जातं आणि शेजारच्यात लोण्यात सुरी गेल्यासारखं. फास्टनर आवळला की तो फुगून धरतो, पण फुगायला आजूबाजूला कडक काहीतरी लागतं ना, जांभ्यात तो आतला दगडच भुगा करतो. आवळताना घट्ट वाटतो, म्हणून आपण फसतो.

मी फसलो तो असाच. २५ लिटरचा गिझर, दोन फास्टनर, हाताने लोंबकळून बघितलं, हललं नाही. तीन आठवड्यांनी सकाळी न्हाणीघरात लाल माती पडलेली दिसली, चहा-पावडर सांडल्यासारखी, वर बघितलं तर गिझर भिंतीपासून बोटभर पुढे झुकलेला आणि पाईपावर तोललेला. आत पाहुणा आंघोळीला जाणार होता. भरलेल्या २५ लिटरच्या गिझरचं वजन ३५ किलोच्या आसपास होतं, ते डोक्यावर आलं असतं तर काय, हा विचार मी अजून करत नाही. नंतर आमचा म्हातारा प्लंबर आला, त्याने भोकात बोट घातलं, भुगा चोळून मला दाखवला आणि म्हणाला, "ह्या भिंतीत बोल्ट रवाचो नाय (राहायचा नाही), आरपार काढ."

तर आरपार. भिंतीतून पलीकडे जाणारा लांब बोल्ट, मागे लोखंडी पट्टी, तिला रंग. पलीकडे देवघर किंवा बैठकीची खोली असेल आणि पट्टी दिसणं नको असेल तर दुसरा रस्ता: चिऱ्यात वीतभर खोबणी काढायची, त्यात हूक बसवून काँक्रीट भरायचं आणि निदान सात दिवस पाणी मारून सोडायचं, त्याच दिवशी टांगायचं नाही. केमिकल अँकर (भोकात रसायन भरून बोल्ट चिकटवायचा प्रकार) जाळीच्या नळीसकट वापरला तर तोही जांभ्यात चांगला धरतो पण आपल्या बाजारपेठेत सगळीकडे मिळत नाही. दोन चिऱ्यांच्या सांध्यात कधीच भोक पाडू नका. बोल्ट स्टेनलेस किंवा चांगल्या गॅल्व्हनाइजचे घ्या, साधे खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत सोलतात.

जुना काढताना काय क्रम?

एमसीबी खाली, प्लग बाहेर, टेस्टरने बघा. नुसतं बटण बंद करून काम सुरू करू नका, जुन्या घरांमध्ये फेज-न्यूट्रल (विजेच्या दोन तारा) उलटे जोडलेले मी स्वतः दोनदा बघितलेत, बटण बंद आणि आत करंट तसाच. मग गार पाण्याचा अँगल कॉक (गिझरखाली भिंतीतला छोटा नळ) बंद करा. तो वर्षानुवर्षं फिरवला नसेल तर तुटतो किंवा पूर्ण बंदच होत नाही, म्हणून घराच्या पाण्याच्या टाकीवरचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते आधी माहीत करून ठेवा.

आता सगळे चुकतात ती जागा. गरम पाण्याचा नळ उघडला, पाणी यायचं थांबलं, म्हणजे टाकी रिकामी झाली असं वाटतं. झालेली नसते. गरम पाणी टाकीच्या वरच्या भागातून उचललं जातं, आतली नळी उंच असते, त्यामुळे गार पाणी येणं बंद झालं की गरम नळ थांबतो पण टाकी जवळजवळ भरलेलीच राहते. ती रिकामी होते गार बाजूने. आधी गरम बाजूचा पाईप सोडवा म्हणजे आत हवा जाईल, मग गार बाजूचा, आणि तिथे सेफ्टी व्हॉल्व्ह असेल तर तोही काढावा लागतो कारण तो पाणी उलटं सोडत नाही. खाली बादली नाही, टब ठेवा. आणि रात्री बंद करून सकाळी काढा, तापलेलं पाणी कोपरापर्यंत ओघळतं.

जोडताना पाईप कुठला?

निळी खूण गार, लाल खूण गरम. गरम बाजूला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिक पाईप) किंवा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी), साधा पांढरा यूपीव्हीसी प्लॅस्टिक पाईप नको, तो उष्णतेने वाकतो. गिझरपासून अँगल कॉकपर्यंत स्टीलच्या जाळीची कनेक्शन नळी येते ती दोन्हीकडे नवी घ्या, जुनी परत लावू नका. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने दहा-बारा वेढे. जिथे नळीच्या नटात रबरी वायसर आहे तिथे टेप लागत नाही, तिथे टेप लावून वर पाना मारला की नट चिरतो आणि मध्यरात्री कळतं.

चालू करण्याआधी गरम नळ पूर्ण उघडा आणि हवा फुसफुसणं थांबून सलग धार येईपर्यंत थांबा. भरल्याशिवाय बटण दाबू नका, कोरडी कॉइल मिनिटभरात जळते आणि ते वॉरंटीत धरत नाहीत.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून टप टप पाणी पडतं. बूच मारू का?

नाही!! पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी २५ डिग्रीवरून ६० वर नेलं की साधारण २०० मिली जास्त होतं, म्हणजे चहाचा मोठा पेला. व्हॉल्व्ह त्याला मागे जाऊ देत नाही, नळ बंद असतो, मग ते थेंबाथेंबाने बाहेर येतं. तापताना पडून नंतर थांबत असेल तर व्हॉल्व्ह त्याचं काम करतोय. दिवसभर पडत असेल तर त्यात कचरा अडकलाय, बदला. आमच्या शेजारच्या काकांनी त्या भोकात आगपेटीची काडी मारली होती, वर मलाच दाखवत होते "बघ कसं थांबवलं".

अर्थिंगचं एवढं काय? आमच्याकडे तीन पिनचं सॉकेट आहे की.

तिसरं भोक असणं आणि त्याच्या मागे अर्थिंग असणं वेगळं. कित्येक घरांत ती तार सॉकेटमागे गुंडाळून ठेवलेली असते. आणि जिथे जोडलेली आहे तिथे अर्थिंगचा खड्डा, म्हणजे ती तार जमिनीत पुरलेली जागा, कुठे आहे ते विचारा. सड्यावरच्या (कातळाच्या माळावरच्या) घरात कातळ फोडून खड्डा मारणं महाग, म्हणून दोन हात पाईप कसाबसा ठोकतात, पावसाळ्यात जमीन ओली असते तोवर सगळं ठीक, मार्च उजाडला की जांभा कोरडा ठणठणीत आणि अर्थिंग नावापुरतं. नळाला हात लावला की झिणझिण्या येतात त्या बहुतेक उन्हाळ्यातच, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. "थोडा करंट मारतो, सवय झालीय" असं म्हणणारी घरं मला माहीत आहेत. ओलं अंग, ओली फरशी, तिथे थोडा करंट असं काही नसतं.

आमच्या वायरमनचं ठरलेलं वाक्य आहे, "आधी अर्थिंग बघ, गिझर मगे घे." त्याने आमचा खड्डा मागच्या दारी हलवला, मोरीचं पाणी जातं तिथे, केळी आणि अळू आहे त्या बाजूला. जमीन बारा महिने ओली, शिवाय कोळसा-मीठ घातलेलं. ज्यांना जागा बदलता येत नाही त्यांनी उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी खड्ड्यात ओतावं.

याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या (जुनी माणसं ईएलसीबी म्हणतात). अंगातून करंट जायला लागला तर तो पडतो, एमसीबी त्यासाठी पडत नाही. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबा. मात्र ते बटण चाललं म्हणजे अर्थिंग चांगलं असं नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, अर्थिंग वायरमनकडून मीटर लावूनच तपासून घ्यायचं.

वायर?

२ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टला ९ अँपिअरच्या आत-बाहेर खातो, ३ किलोवॅटचा १३. म्हणून १६ अँपिअरचं मोठं सॉकेट, गिझरसाठी स्वतंत्र लाइन, तांब्याची वायर निदान २.५ चौरस मिमी, ३ किलोवॅटला ४. मल्टिप्लग, एक्स्टेन्शन बोर्ड वगैरे विसरा. सॉकेट शॉवरच्या शिंतोड्यांपासून लांब, शक्यतो न्हाणीघराबाहेर.

किती लिटरचा घेऊ? इन्स्टंट (पाणी न साठवता वाहतं तापवणारा) घेतला तर बिल कमी येतं म्हणतात.

बादलीने आंघोळ करणाऱ्या चार माणसांना १५ लिटर पुरतो, कारण कडकडीत पाण्यात गार मिसळूनच घेतो आपण. शॉवरवाले असतील तर २५. १५ लिटर २५ वरून ६० डिग्रीवर न्यायला ०.६ युनिट लागतं, २ किलोवॅटला १८-२० मिनिटं. पाणी तेवढंच, गरम तेवढंच, तर वीज जवळपास तेवढीच लागते, मग गिझर कुठलाही असो. फरक पडतो तो दिवसभर चालू ठेवण्याने. बंद करायची सवय असेल तर साठवणीचाही महाग पडत नाही.

३ किलोवॅटचा छोटा इन्स्टंट सतत धार देतो म्हणतात, पण आंघोळीपुरतं कोमट पाणी मिनिटाला तीन लिटरच्या आसपासच देतो, म्हणजे बादली भरायला पाच-सहा मिनिटं. स्वयंपाकघराच्या सिंकला मस्त. व्होल्टेज पडलं की त्याची धार आणखी गार होते, साठवणीच्या गिझरला फक्त वेळ जास्त लागतो.

घेताना आयएसआय मार्क आणि स्टार लेबल बघा. पाण्याची टाकी घराच्या माळ्यावर असेल तर प्रेशरची काळजी करायची गरज नाही, प्रेशर पंप असेल तर ८ बार प्रेशर सोसणारा घ्या. बाहेरची बॉडी पत्र्याची नको, प्लॅस्टिकची घ्या, समुद्राजवळ पत्रा गंजतोच.

आमचं पाणी बोअरचं आहे, जरा मचूळ लागतं.

मग टाकी कसली आहे हे विचारूनच घ्या. खारट पाण्यातलं क्लोराइड साध्या स्टेनलेस स्टीलला बारीक भोकं पाडतं, म्हणून खाडीकाठी आणि किनाऱ्यावर आतून काचेचा थर दिलेली टाकी बरी. तिच्या आत मॅग्नेशियमचा दांडा असतो, अॅनोड रॉड म्हणतात. पाणी टाकीऐवजी त्याला खातं, म्हणजे तो संपण्यासाठीच ठेवलेला असतो, आणि संपल्यावर पाणी टाकीकडे वळतं. हे दुकानदार सांगत नाहीत. आमच्या तीन वेळा बदललेल्या गिझरचा दांडा मी काढून बघितला तेव्हा अंगठ्याएवढ्या जाडीच्या दांड्याची नुसती मधली तार उरली होती आणि खाली मूठभर पांढरट चिखल. मचूळ पाण्याला दरवर्षी उघडून बघा, निम्मा झिजला की बदला. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी सहसा मऊ असतं, तिथे क्षार कमी साचतात, दोन वर्षांनी बघितला तरी चालेल.

गॅस गिझर? लाईट गेली तरी चालतो ना.

चालतो, आणि बंद न्हाणीघरात माणूसही मारतो. जळताना खोलीतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं आणि माणूस खाली बसतो तो उठत नाही. पावसाळ्यात आपण खिडकी लावून घेतो तेव्हा तर जास्तच. घ्यायचाच असेल तर तो भिंतीच्या बाहेर, उघड्या पडवीत, आत फक्त गरम पाण्याचा पाईप. बसवायला कंपनीचाच माणूस. न्हाणीघरात लावून देतो म्हणणारा कितीही ओळखीचा असला तरी नको.

सोलर किंवा बंब?

सोलर ऑक्टोबर ते मे उत्तम, आणि गरम पाणी खरं लागतं त्या जून-जुलैत ढगांखाली गप्प. विजेचा बॅकअप घ्यावाच लागतो. छपरावर घट्ट बांधा, मे २०२१ चं तौक्ते वादळ आठवत असेल. बंब असेल तर मोडीत देऊ नका. वादळानंतर लाईट नव्हती तेव्हा आमच्या मागच्या पडवीतल्या तांब्याच्या बंबावर अख्खी वाडी आंघोळ करून गेली, सोडणं (नारळाची सालं) आणि करवंट्या कुणाकडे कमी आहेत.

प्लंबर मिळत नाही. कधी बोलवू?

गणपतीच्या आधीचा महिना आणि शिमग्याचा पंधरवडा सोडून. चाकरमानी यायच्या आधी प्रत्येकाला नळ, पंप, गिझर सगळं एकदम आठवतं. पावसाळा सुरू व्हायच्या आत बघून घेतलं तर माणूस निवांत येतो, चहा पिऊन काम नीट करतो. गेल्या वेळी आमच्याकडून काढणं-बसवण्याचे ८०० घेतले, सामान वेगळं. सामान स्वतः आणा, बिल जपा. आणि काम झाल्यावर तो गाडीला किक मारायच्या आत पूर्ण एकदा तापवून, नळ बंद ठेवून, प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघा. गार असताना न गळणारा जोड गरम झाला की गळतो.

घर वर्षातले दहा महिने बंद असतं.

जाताना एमसीबी पाडा, प्लग काढा, आणि वर सांगितलं तशी गार बाजूने टाकी रिकामी करा. साठलेल्या पाण्याला वास येतो आणि दांडा उगाच झिजतो. परत आल्यावर प्लगच्या पिना घासा, सॉकेटमध्ये मुंग्या किंवा कुंभारणीचं (मातीचं घर करणाऱ्या माशीचं) घर नाही ना बघा (आमच्याकडे होतं), टाकी भरा, पहिलं पाणी ओतून द्या. रिकामा आहे हे पुढच्याला कळावं म्हणून आम्ही बटणावर चिकटपट्टी लावून जातो, "आधी पाणी भर" असं लिहून, कारण पुण्याहून आलेल्या भाच्याने एकदा थेट बटणच दाबलं होतं.

जुन्या गिझरचं काय करू?

भंगारवाला घेतो. फक्त त्याचे टांगायचे पट्टीचे हूक आणि बोल्ट काढून ठेवा, नव्याच्या भोकांचं अंतर तेच निघालं तर चिऱ्यात परत ड्रिल मारायला नको.